लग्नपत्रिकेत व्हायरस शोधणारा अँटीव्हायरस : वर्षभराच्या वापरानंतर

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन पीसींचं लायसन, नेहमीच्या डीलरकडून घासाघीस करून घेतलेलं. स्कॅनचा वेग, फायरवॉल यावर सगळ्यांनी लिहून झालंय. माझं भांडण फक्त क्वारंटाइनशी, म्हणजे संशयित फाईल उचलून कोंडून ठेवण्याशी.

आमचं डीटीपीचं दुकान. पत्रिकेचा तोच तोच मजकूर बडवायला लागू नये म्हणून भाच्याने ऑटोहॉटकीत (कळा दाबल्या की नेमलेलं काम करणारं सॉफ्टवेअर) एक छोटा प्रोग्राम करून दिलाय. दोन अक्षरं दाबली की 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही अख्खी ओळ हजर. कंपाइल केलेली, म्हणजे डबल-क्लिकवर थेट चालणारी एक्झी फाईल, तिन्ही पीसींवर बिनबोभाट चालायची. ऐन लग्नसराईत एक अपडेट आलं आणि कोपऱ्यात लाल खिडकी : धोका काढून टाकला आहे. गिऱ्हाईक शेजारी बसून 'मामांचं नाव राहिलं' म्हणतंय, आणि इकडे आयकॉन पांढरा पडलेला.

रिस्टोअर दाबलं की फाईल परत येते आणि डबल-क्लिक करेपर्यंत पुन्हा गडप. मग रिस्टोअर ठेवलंय कशाला? कस्टमर केअरला फोन केला. "फाईल कुठून डाउनलोड केली, सर?" म्हटलं, भाच्याने केलीय. "भाचा म्हणजे कुठली कंपनी, सर?"

शेवटी व्हायरसटोटलवर टाकली, ही साइट एकच फाईल बऱ्याच अँटीव्हायरसांच्या इंजिनांकडून तपासून देते. सत्तरेक इंजिनांपैकी मोजकीच बोंबलली, तीही 'जेनेरिक' म्हणून. म्हणजे अमुक व्हायरस सापडला असं नाही, नुसता तोंडवळा जुळला. (गिऱ्हाइकाची फाईल तिथे टाकू नका, ती अँटीव्हायरस कंपन्यांपर्यंत जाते.) भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे अशी एक्झी म्हणजे ऑटोहॉटकीचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग) आणि आपली स्क्रिप्ट यांचं एकत्र गाठोडं. त्याच इंटरप्रिटरवर कुणा चोराने काही बनवलं की सगळं गोत्रच संशयित. शिवाय आपला प्रोग्राम प्रत्येक कळ ऐकत बसतो, पासवर्ड चोरणारा कीलॉगरही तेच करतो. हे मात्र पटलं. आणि मोठ्यांचंही चुकतं : २१ एप्रिल २०१० ला मॅकॲफी ह्या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाईलच व्हायरस ठरवली होती, ठिकठिकाणचे पीसी रीस्टार्ट होत बसले.

फाईल कंपनीला पाठवली, काही दिवसांनी 'क्लीन' म्हणून मेल आला. खूश होऊन प्रोग्रामात 'लग्नाला यायचं हं' ही किलबिलाटाची ओळ वाढवली, पुन्हा कंपाइल केलं आणि पुन्हा लाल खिडकी! एक ओळ बदलली तरी फाईलचा हॅश (तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ठसा) बदलतो, जुनी माफी नव्या फाईलला लागू नाही.

इथवर एक स्टार देणार होतो. पण मध्यंतरी एक मास्तर प्रश्नपत्रिका छापायला पेनड्राइव्ह घेऊन आले, त्यात सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. तो व्हायरस ह्याच अँटीव्हायरस पठ्ठ्याने पेनड्राइव्ह लावल्या लावल्या धरला. आमच्याकडे रोज कुणाकुणाचे पेनड्राइव्ह येतात, त्यामुळे तीन स्टार.

आता एक्झी करतच नाही. तिन्ही पीसींवर ऑटोहॉटकी टाकून स्क्रिप्ट साधी तशीच चालवतो, कुणी हटकत नाही. एक्झीच हवी असेल तर एक्सक्लूजनमध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) तेवढी फाईल घाला. कस्टमर केअरने मला अख्खा डेस्कटॉप वगळायला सांगितला होता, आणि गिऱ्हाइकांचं सगळं तिथेच कॉपी होतं!

रिन्यूअलचे मेसेज आत्तापासून सुरू झालेत. करणार नाही. डीलरकडे नवा बॉक्स त्याहून स्वस्त मिळतो.