पेन टॅबच्या नावाखाली लहान मुलांची पाटी पाठवली, 11,178 रुपये गेले

इन्स्टाग्रामवर जाहिरात, मग फोन, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ग्रुपवर कमावणाऱ्यांचे स्क्रीनशॉट. हे कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत नाही. मलाही माहीत होतं. वीज तोडण्याचे मेसेज, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडल्याचे फोन, यातल्या एकालाही मी कधी दाद दिली नव्हती. या लोकांनी चित्रकलेचं नाव पुढे केलं, आणि राग त्याचाच जास्त आहे.

मी चित्रकलेचे क्लास घेते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची मुलं बसवते. जोडीला लग्नपत्रिका, मुलांच्या पुस्तकांची चित्रं. आता कागदावरचं चित्र कुणी घेत नाही, ‘मॅडम, लेयरसकट फाइल पाठवा’ म्हणतात. म्हणून डिजिटल शिकायचं ठरवलं. यात हाव कुठे आली? ‘स्टार्टर किट’ म्हणून पेन टॅब, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनानं चित्र काढायचं उपकरण, 8192 प्रेशर लेव्हल (पेन जसा दाबाल तशी रेघ जाड-बारीक), सोबत ऑनलाइन कोर्स आणि कोर्सनंतर चित्रामागे 350 रुपयांचं काम. नोंदणी 499, टॅब 6,999, आणि काम मिळेपर्यंत 2,500 डिपॉझिट, परत मिळणारं. एकूण 9,998. लाखाचे दहा लाख करून देतो असं कुणी म्हणालं नव्हतं. कष्टाचं काम, बेताचा मोबदला, म्हणून तर पटलं.

पण त्यांच्या व्हिडिओत सगळं उघडं पडलं होतं आणि ते मी पाहिलं होतं, हे मनातून जात नाही. एक हात काळ्या टॅबवर पानाचा देठ काढतो, टॅबवरच हिरवट रेघ उमटते, आणि पुढच्या क्षणी कॉम्प्युटरवर रंगवलेलं पूर्ण पान. या किमतीतल्या टॅबला स्क्रीनच नसते. हात टेबलावर फिरतो, रेघ समोरच्या मॉनिटरवर उमटते, आणि नवख्या माणसाचे पहिले काही आठवडे हात आणि डोळे जुळवण्यातच जातात. ज्यावर थेट रेघ दिसते त्या टॅबची किंमत कितीतरी जास्त असते. हे मी आधी वाचलं होतं. ‘यात रेघ टॅबवर कशी दिसते?’ असं मी फोनवर विचारलंही होतं. तिकडची मुलगी म्हणाली, “मॅम, हे नवीन मॉडेल आहे.” तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. पण ज्यानं ही वस्तू हातात धरलेलीच नाही, त्यानं ‘नवीन मॉडेल’ या उत्तराला काय म्हणायचं? दुकानात जाऊन बघावं तर आमच्या तालुक्यात पेन टॅब ठेवणारं दुकानच नाही.

पार्सल आलं. आत मुलांची ‘एलसीडी’ पाटी. बाजारात दोन-तीनशेला मिळते ती. वायर नाही, वायर लावायला जागाही नाही. मागे एका स्क्रूखाली बटण सेल, वर पुसायचं बटण. नखानं ओढलं तरी तीच हिरवट रेघ, हलकं दाबा की जोरात, जाडी जवळपास सारखीच. ड्रायव्हर (टॅब कॉम्प्युटरला ओळखू यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर), यूएसबी यांचा पत्ता नाही. खोक्यावर मॉडेल नंबरच नव्हता. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी मॉडेल नंबर मागा आणि त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर त्याचा ड्रायव्हर आहे का बघा. नसेल तर विषय तिथेच बंद करा.

फोन केला तर म्हणे चुकीचं पार्सल गेलं, बदलून देतो, 1,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,180 भरा, नंतर परत येतील. भरले. आधीचे 9,998 अडकलेले असताना 1,180 वाचवत बसायचं का? कुणीही भरले असते. त्यानंतर नंबर बंद.

बिलाची पीडीएफ पाहून मी निर्धास्त होते, कारण त्यावर जीएसटी नंबर होता. नंतर नीट पाहिलं तर पत्ता पुण्याचा आणि नंबर 07 ने सुरू होणारा. 07 दिल्ली, महाराष्ट्राचा 27. पंधरा अक्षरी नंबर जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो. आणि यूपीआयवर पैसे पाठवताना समोर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तर हात तिथेच थांबू द्या.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. मग पोलीस ठाण्यात गेले. “ताई, ओटीपी दिला होता का?” नाही. “खातं हॅक झालं?” नाही. “मग सायबर कसं? वस्तू खराब निघाली, ग्राहक मंचात जा.” अहो, वस्तू खराब निघालेली नाही, टॅब म्हणून पाटी विकली आहे, ही सरळ फसवणूक आहे. मग म्हणे पार्सल दिल्लीहून आलं, ती आमची हद्द नाही. हद्द नसली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हे मी साहेबांना सांगायचं का? शेवटी साधा अर्ज घेतला, आणि त्यावर पोच-शिक्का मारून देतानाही उपकार केल्यासारखा चेहरा. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार यशस्वी आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे चांगलंच आहे, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पुण्याचा पत्ता खोटा. खरा पत्ता बँकेकडे, बँक म्हणते पोलिसांनी मागितला तर देऊ, आणि पोलीस म्हणतात आयोगात जा. ज्याच्या खात्यात माझे पैसे गेले त्याचा केवायसी या देशात कुणाकडे तरी आहे ना? तो काढायला कुणाला वेळ नाही, कारण रक्कम अकरा हजारच आहे. माझ्या क्लासच्या कितीतरी फिया आहेत त्या. आणि अशा अकरा-अकरा हजारांवरच या टोळ्या पोसल्या जातात.

टॅबसाठी पैसे मागणाऱ्या कामाच्या नादी लागू नका. काम देणारा तुमच्याकडून डिपॉझिट घेत नाही. शिकायला क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पूर्ण आहे, त्यासाठी कुणाचं किट लागत नाही. टॅब घ्यायचाच तर माहितीतल्या ऑनलाइन दुकानातून परत करण्याची मुदत बघून घ्या, आणि खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून. माझ्याकडे तो नसल्यानं ‘पाटी कशावरून आम्ही पाठवली?’ असा प्रश्न उद्या येणारच आहे.

तीच जाहिरात आज दुसऱ्या नावानं चालू आहे, व्हिडिओ तोच. मी रिपोर्ट केली, उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. ज्यांच्याकडे हीच पाटी आली आहे त्यांनी लाजून गप्प बसू नका. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि पैसे घेणाऱ्याचं नाव घेऊन तक्रार करा आणि मला कळवा. एकाच खात्यावर अनेक तक्रारी गेल्या तर ‘तुमचा व्यवहार’ म्हणून कुणाला हात झटकता येणार नाहीत.