‘शंका घेऊ नकोस’ म्हणत माझे ७३,८९८ रुपये नेले

बाबांच्या हातात मिलचे पैसे पडले ते २०२४च्या सुरुवातीला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंदूरची हुकुमचंद कापड मिल बंद पडली तेव्हा ते तिशीत होते. पुढची सगळी वर्षं त्यांनी सियागंजमध्ये एका किराणा पेढीवर मुनीमगिरी केली. २५ डिसेंबर २०२३ला सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी रुपये सुटले, तेव्हा आमच्या सुदामानगरच्या घरात आईनं देवापुढे साखर ठेवली होती. त्या पैशांतले पाऊण लाख बाबांनी माझ्या नावानं वेगळे काढले. म्हणाले, "तुझ्या क्लासला, पुस्तकांना. आता अडून राहायचं नाही."

त्या पैशांतून एकही पुस्तक आलं नाही. ते कुठे गेले हे मी इथं लिहिते आहे, कारण आजही भंवरकुआंच्या, म्हणजे इंदूरच्या क्लासवाल्या भागातल्या, खोल्यांमधून माझ्यासारख्या मुली ‘मनात धरलं की मिळतंच’ असं शिकवणारे तेच वेबिनार ऐकत बसल्या आहेत.

मी एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करते. ही तयारी करणाऱ्याला सांगायला नको की इथं अभ्यासापेक्षा वाट बघणं जास्त दमवतं. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात गेल्यापासून निकाल ८७ आणि १३ टक्के जागा अशा दोन भागांत लागू लागले आणि १३ टक्क्यांचा भाग अडकून राहिला. वय वाढतं, नातेवाईक विचारतात, आणि आपल्या हातात काहीच नाही असं रोज वाटत राहतं. अशा वेळी कुणी येऊन सांगितलं की सगळं तुझ्याच मनात आहे, तू ठरवलंस की होणारच, तर ते लगेच पटतं. मला पटलं. मी भोळी होते म्हणून नाही, थकले होते म्हणून.

सुरुवात ९९ रुपयांच्या रविवारच्या वेबिनारनं झाली. बोलणारे ‘सर’ छान बोलत. डोळे मिटायला लावत, लाल दिव्याची गाडी दाखवत, आईच्या डोळ्यांतलं पाणी दाखवत आणि हळूच म्हणत, "मान लो कि मिल गया." मी खरंच रडले. शेवटच्या दहा मिनिटांत पडद्यावर उलटं घड्याळ सुरू झालं आणि २,९९९ रुपयांचा एकवीस दिवसांचा कोर्स फक्त आजच्यापुरता समोर आला. तो घेतला. तो संपताना ‘इनर सर्कल’ आलं, पन्नास हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५९,०००. एक मुलगी रोज फोन करायची. "दीदी, चारच सीट उरल्यात. पैशांचा विचार करताय म्हणजे तुम्ही अजून गरिबीच्याच फ्रिक्वेन्सीवर आहात." पैसे एका माणसाच्या खासगी यूपीआयवर मागितले. मी भरले.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "पक्की पावती दिली का?" मी त्यांना म्हणाले, "बाबा, तुमच्या या निगेटिव्ह विचारांमुळेच आपल्या घरात काही होत नाही." तीस वर्षं मिलच्या पैशांची वाट बघणाऱ्या माणसाला मी हे म्हणाले. ते गप्प बसले आणि चहा प्यायला स्वयंपाकघरात गेले.

आता आत काय शिकवतात ते. वहीत ‘मी डेप्युटी कलेक्टर आहे’ हे वाक्य सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा लिहायचं. याला निकोला टेस्ला या संशोधकाचं गुपित म्हणून विकतात. टेस्लाचं नाव झालं ते प्रत्यावर्ती (एसी) विजेवरच्या आणि मोटरवरच्या कामामुळे. इच्छा वहीत लिहून पूर्ण करण्याशी त्याच्या कामाचा काही संबंध नाही. झोपताना निकाल लागून गेला असं समजून त्यातच जगायचं. ही कल्पना बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या नेव्हिल गॉडार्डची (१९०५–१९७२). तो अमेरिकेत यावर व्याख्यानं देत असे आणि ती व्याख्यानं आज कुणालाही फुकट वाचता येतात. आम्हाला ‘गोपनीय’ म्हणून दिलेली पीडीएफ म्हणजे त्यांचाच ओबडधोबड हिंदी अनुवाद होता. नावाची पाटी बनवून आणायची, अभिनंदनाचा पेढा आधीच वाटायचा. मी सराफ्यातून पाव किलो पेढे आणून शेजारी वाटले होते. लोकांनी विचारलं, "कशाचे?" मी नुसती हसले.

आणि सगळ्यात वाईट नियम: सराव परीक्षा देऊ नका. कमी गुण आले की मनात शंका शिरते. मार्च ते जून मी एकही टेस्ट सोडवली नाही. सामान्य अध्ययनाच्या शंभर प्रश्नांची मला भीतीच वाटेनाशी झाली होती, आणि याला मी आत्मविश्वास समजत होते.

२३ जून २०२४ला पूर्वपरीक्षा झाली. पेपर हातात आल्यावर मध्य प्रदेशच्या जनजातींवरचे प्रश्न, जे मागच्या वर्षी मला तोंडपाठ होते, ते ओळखीचे वाटत होते पण उत्तर येत नव्हतं. घरी येऊन मी उत्तरं ताडूनही पाहिली नाहीत, कारण तेही मना होतं. निकालात माझा नंबर नव्हता. आधीच्या प्रयत्नात मी थोडक्या गुणांनी हुकले होते. या वेळी फार मागे पडले.

मी ‘इनर सर्कल’च्या टेलिग्राम ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तुझ्या आत कुठेतरी विश्वास नव्हता. ब्लॉकेज आहे. ते काढावं लागेल." त्याचे वेगळे ११,८००. आणि मी तेही भरले. ही फसवणूक कशी चालते ते मला इथं समजलं, पण फार उशिरा. यश आलं तर ते त्यांच्या विद्येचं, अपयश आलं तर ते तुमच्या शंकेचं. माल खराब निघाला असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही, कारण तक्रार करणं हाच माल बिघडवण्याचा गुन्हा. देवासच्या एका मुलीनं पैसे परत मागितले, तर तिला दुपारीच ग्रुपमधून काढलं आणि आम्हाला सांगितलं की तिच्या लहरी सगळ्यांना बाधत होत्या. आम्ही शंभरेक जण होतो. कुणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

ऑगस्टमध्ये मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. चष्मा लावून त्यांनी मोबाइलवरची पावती बघितली, जीएसटीच्या नंबरावर बोट ठेवून एकेक अक्षर मोजलं. चौदा भरली. "बाळा, हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. आपल्या मध्य प्रदेशचा असेल तर २३नं सुरू होतो." पोर्टलवर टाकून पाहिला, असा नंबरच नव्हता. म्हणजे पन्नास हजारांवरचे नऊ हजार सरकारच्या नावानं घेऊन तेही खिशात घातले होते.

नंतर मी कल्पनाशक्तीवर खरं काय माहीत आहे ते वाचलं, कारण मला तिचा राग आला होता आणि तो राग अन्यायाचा होता. १९९९मध्ये लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना परीक्षेआधी रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याचं चित्र मनात आणायला सांगितलं, काहींना आपण अभ्यासाला बसलो आहोत असं. अभ्यासाचं चित्र बघणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. निकालाचंच चित्र बघणारे अभ्यासात मागे राहिले. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामातही हेच दिसतं: नोकरीची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्या पदवीधरांनी अर्ज कमी पाठवले आणि त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या. स्वप्नातच पोटभर मिळालं की हात हलत नाही. मला दिवसाला अठरा वाक्यं लिहून जे समाधान मिळायचं, ते हेच होतं. माझ्या त्या चार महिन्यांचे पैसे घेऊन त्यांनी मला अभ्यासापासून दूर ठेवलं, हे मला रकमेपेक्षा जास्त लागतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे मी स्वतः आणि फार आधी भरले असल्यानं तिथून काही परत आलं नाही. असं काही झालं तर पहिल्या काही तासांतच हा नंबर लावा. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील नसला तरी चालतो. अर्ज बाबांनी आणि मी दोघांनी मिळून लिहिला, खर्चाचा तक्ता त्यांच्या अक्षरात आहे: ९९, २,९९९, ५९,०००, ११,८००.

ज्यांचे पैसे आत्ता अशा ठिकाणी अडकले आहेत, त्यांना एक विनंती. परताव्याचा शब्द काढण्याआधी सगळे मेसेज, पावत्या, दिलेली आश्वासनं यांचे स्क्रीनशॉट काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. टेलिग्रामच्या खासगी ग्रुपमधून काढलं की जुनं काही दिसत नाही. देवासच्या त्या मुलीकडे आज एकही पुरावा नाही. आयोगात तिच्या बाजूनं माझेच स्क्रीनशॉट लागले आहेत.