दारा-खिडक्यांच्या फटींसाठी रबरी पट्ट्यांचा संच : घ्यावा, पण निम्मा

हीटर तासन्‌तास चालूनही खोली उबदार होत नसेल, तर त्याहून मोठा हीटर घेण्याआधी दारा-खिडक्यांच्या फटी तपासाव्यात. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली अवघी ३ मिलिमीटरची फट असली, तरी तिचे क्षेत्रफळ २७ चौरस सेंटिमीटर भरते. भिंतीला तळहाताच्या सुमारे एक-तृतीयांश भोक पाडून ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. मी वापरलेल्या संचात चौकटीला चिकटवायची ईपीडीएम या कृत्रिम रबराची पट्टी आणि दाराच्या तळाशी बसवायची ब्रशची पट्टी, अशा दोन वस्तू होत्या.

रबरी पट्टी उत्तम आहे. ती पोकळ असल्यामुळे दार लावताना दबते आणि उघडताच पुन्हा फुगते. स्वस्त फोमची पट्टी मात्र काही काळाने चपटी होते ती तशीच राहते. निवड फटीच्या मापावर करावी. साधारण १ ते ३.५ मिलिमीटरच्या फटीला ‘ई’ आकाराची, तर ३ ते ५ मिलिमीटरच्या फटीला ‘पी’ आकाराची पट्टी चालते. जरुरीपेक्षा जाड पट्टी लावल्यास कडी बसत नाही आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. चौकट स्पिरिटने पुसून, कोरडी झाल्यावरच पट्टी चिकटवावी आणि लावताना ती ताणू नये, कारण ताणलेले रबर हळूहळू आखडते व नेमक्या कोपऱ्यांतच फट पडते. थंड पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही, म्हणून हे काम थंडी पडण्यापूर्वीच उरकलेले बरे. वारा असताना चौकटीलगत पेटती उदबत्ती फिरवली की धूर कुठे हेलकावतो ते दिसते. माझ्या खिडकीजवळ पट्टी लावल्यानंतर तो सरळ वर जाऊ लागला.

ब्रशच्या पट्टीने मात्र निराशा केली. फरशी जराशी उंचसखल असली, की एका टोकाचे केस घासतात आणि दुसरे टोक अधांतरी राहते. शिवाय ती केवळ गोंदावर टिकत नाही; स्क्रू मारावेच लागतात.

बचतीबाबत वेष्टनावरचे दावे बाजूला ठेवावेत. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो आणि फटी बुजवल्याने त्यात काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो हीटर किती वेळ चालतो यात. त्यामुळे हीटरला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला तो आपोआप बंद करणारा भाग) नसेल आणि तो हातानेही वेळीच बंद केला जात नसेल, तर खोली अधिक तापेल, बिल मात्र तेवढेच येईल. एकेरी काचेतून जाणारी ऊबही ही पट्टी अडवत नाही. त्यासाठी जाड पडदा किंवा दुहेरी काचच हवी.

ज्या खोलीत गॅस, रॉकेल किंवा लाकूड जळते, तिथली हवा येण्याजाण्याची वाट मुळीच बुजवू नये. अशा जळण्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो जिवावर बेततो. बाकीच्या खोल्यांसाठी रबरी पट्टी सुटी घ्यावी, पूर्ण संच घेऊ नये.