कातडी बांधणी, 1843 साल आणि न दाखवलेलं पान

स्पॅनिश लोकांनी मेक्सिको आणि पेरू जिंकल्याचा इतिहास जुन्या पुस्तकांतून जमवणाऱ्याला विल्यम प्रेस्कॉट टाळता येत नाही. मेक्सिकोचे तीन खंड 1843 चे, पेरूचे दोन 1847 चे. कोर्तेस आणि पिसारोच्या मोहिमा डोळ्यांसमोर उभ्या करणारा हा अमेरिकन माणूस स्वतः जवळजवळ आंधळा होता आणि त्या देशांत त्याने कधी पाऊलही टाकलं नव्हतं. कोर्तेसच्या मोहिमेतला सैनिक बेर्नाल दियास याच्या आठवणींची 1632 ची माद्रिद आवृत्ती आपल्यासारख्यांनी काचेआडच बघायची. प्रेस्कॉट मात्र पगारदार माणसाला जमतो. त्यामुळे भामट्यांनाही इथे गिऱ्हाईक मिळतं.

मला पाच खंडांचा संच विकला तो स्पेनमधल्या एका विक्रेत्याने, ऑनलाइन. वासराचं तपकिरी कातडं, कण्यावर सोनेरी नक्षी, पुठ्ठ्याच्या आत अबरी कागद. फोनवर ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द त्याने अनेकदा उच्चारले. फोटोंत कणे होते, नकाशा होता आणि 1843 सालाची कॉपीराइटची ओळ होती. शीर्षकपान नव्हतं. मागितलं तर म्हणाला, बांधणी घट्ट आहे, जास्त उघडलं तर कणा तडकेल. ऐकायला किती जबाबदार वाटतं! पण कॉपीराइटची ओळ शीर्षकपानाच्याच पाठीवर असते. पाठीचा फोटो निघतो, तर पुढच्या बाजूचा का निघू नये?

साइटच्या बाहेर, थेट बँकेत पैसे भरले तर दहा टक्के सूट होती. 48 हजार रुपये गेले.

पार्सल उघडल्यावर खरा प्रकार कळला. शीर्षकपानावर फिलाडेल्फियाच्या लिपिंकॉट या प्रकाशकाचं नाव आणि ‘संपादक जॉन फॉस्टर कर्क’. कर्क हा प्रेस्कॉटचा सचिव. त्याने संपादित केलेली आवृत्ती 1870 च्या दशकातली. कॉपीराइटच्या पानावर 1843 च्या खाली पुढच्या सालांच्या ओळी होत्याच, फोटो तेवढा वरून अर्धाच काढला होता. अमेरिकन पुनर्मुद्रणांत कॉपीराइटचं मूळ साल तसंच छापत राहत, त्यामुळे ते साल एकटं काहीच सिद्ध करत नाही. एका खंडाचं शीर्षकपान तर ब्लेडने कापलेलं.

पान कापलेलं असेल तर तळटिपा बघा. कर्कच्या टिपा चौकटी कंसात येतात आणि मेक्सिकोच्या खंडांत ओरोस्को इ बेर्रा या मेक्सिकन इतिहासकाराच्या 1864 च्या ग्रंथाचा हवाला सापडतो. प्रेस्कॉट 1859 मध्येच वारला होता.

आणि ज्या कातड्यावर आपण भाळतो, त्याचं काय? मूळ प्रकाशक, न्यूयॉर्कच्या हार्परने 1843 चे खंड कापडी बांधणीत काढले होते. कातडं बहुतेक वेळा मालकाने मागाहून चढवून घेतलेलं असतं, आणि ते कधी चढवलं याचा आतल्या छपाईशी संबंध नसतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळशा कातड्यांची आज तांबडी भुकटी हाताला लागते. माझ्या संचाला बूटपॉलिशचा वास होता.

तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, “जाहिरातीत मी पहिली आवृत्ती असं कुठे लिहिलंय?” खरंच लिहिलं नव्हतं. ‘1843, लेदर, सुंदर संच’ एवढंच होतं. व्यवहार बाहेर झाला म्हणून साइटने हात वर केले. बोलणी फोनवर न करता साइटवर लेखी झाली असती, तर ‘पहिली आवृत्ती’ हा शब्द पुरावा म्हणून हातात राहिला असता.

आपल्याकडेही जपून. मूळ साल ठळक देऊन ‘लेदर बाउंड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक प्रती म्हणजे स्कॅनवरून मागणीनुसार काढलेली नवी छपाई असते. वर्णनाच्या तळाशी ‘रीप्रिंट’ हा शब्द असतो, तो वाचेपर्यंत बटण दाबलेलं असतं.

मध्यंतरी याच विक्रेत्याने पुण्यातल्या माझ्या एका मित्राला आन्तोनियो दे सोलीस या स्पॅनिश लेखकाच्या मेक्सिको-विजयाच्या इतिहासाची 1684 ची प्रत देऊ केली, चर्मपत्राच्या बांधणीतली. स्पेनमधून शंभर वर्षांहून जुनं पुस्तक बाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो. माझं पार्सल मात्र नुसतं ‘जुनी पुस्तकं’ लिहून आलं होतं. मित्राने दोनच गोष्टी मागितल्या: शीर्षकपानाच्या दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो आणि परवाना कोण काढणार याचं लेखी उत्तर. त्याला अजून दोन्हींपैकी काही मिळालेलं नाही.