ॲप, टोपली की ठेला?

20 एप्रिल 2021 पासून कोरोनामुळे भाजी-किराण्याची दुकानं पुन्हा सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी. घरपोच द्यायला रात्री 8 पर्यंत मुभा होती. हे जाहीर झाल्याबरोबर नागपुरातल्या आमच्या लेआउटमधल्या दोघा-तिघांनी विचारलं, तुमच्याकडे भाजी कुठून येते? 2020 च्या मार्चपासून मी तिन्ही करून पाहिलं: ॲप, शेतकऱ्याची आठवड्याची टोपली आणि दारावरचा ठेला. कॉटन मार्केट, म्हणजे शहरातला मोठा भाजीबाजार, यात धरत नाही. भावात त्याच्या जवळपास कुणी येत नाही हे मान्य, पण त्या दिवसांत तिथल्या गर्दीत शिरा असं मी कुणाला सांगितलं नसतं.

किराण्याचं काही अडत नाही. चिठ्ठीचा फोटो कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवला की पोरगा सायकलवर आणून देतो. भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद वर्षाची एकदाच भरून होते. खरा घोळ भाजीचा, कारण ती दर दोन दिवसांनी लागते आणि उन्हाळ्यात टिकत नाही. (घोळ नावाचीही भाजी असते, ती वेगळी.)

ॲपची बाजू आधी मांडतो, नाहीतर अन्याय होईल. 2020 च्या सप्टेंबरात, शहरात रुग्णांचा कहर चालू असताना, आमचं अख्खं घर पॉझिटिव्ह निघालं. 17 दिवस फाटकाबाहेर पाऊल नाही. त्या दिवसांत ॲपनेच तारलं. मुलगा फाटकाला पिशवी लटकवून जायचा, पैसे मोबाईलवरून गेलेले असायचे, कुणाला कुणाचं तोंड पाहायची गरज नाही. भावही वाईट नव्हते. टमाटर तर कितीदा तरी ठेल्यापेक्षा स्वस्त मिळाले. घरात म्हातारी माणसं असतील आणि दोन्ही पोरं पुण्या-बंगळूरला असतील, तर पुढचं वाचूही नका, ॲप टाकून घ्या.

मग माझं अडलं कुठे? पन्नीवर.

ढेमसं पाच. ती थर्माकोलच्या ताटलीत, वरून ताणून बसवलेलं पातळ प्लास्टिक. हिरवी मिरची वेगळ्या पन्नीत. लिंबं चार, त्यांना जाळी. सांभार, म्हणजे कोथिंबीर, पारदर्शक डब्यात, नवरीच्या दागिन्यासारखा. एका खेपेला मी मोजून पाहिलं: भाज्या नऊ, पन्न्या चौदा. 2020 च्या मेच्या अखेरीस पारा 46 च्या वर होता. त्या उन्हात गाडीवरून आलेली ही पाकिटं आतून घामेजलेली असायची. पालकाचं पाकीट उघडलं की वरची पानं टवटवीत आणि खालच्यांचा काळा चिखल. तक्रार केली तर पैसे यायचे, पण संध्याकाळच्या भाजीचं काय? पैसे काही फोडणीला टाकता येत नाहीत.

आणि तेव्हा हे सगळं धुवायचो आम्ही! आठवत असेल तुम्हालाही. भाजी एका बादलीत, पन्न्या दुसऱ्या बादलीत साबणाच्या पाण्यात. घुसळायच्या, झटकायच्या आणि गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घालायच्या. वाळल्या की कबाडीवाल्याला देऊ, हे आमच्या हिचं मत. नेमका पाण्याचा ताण, कूलरलाच टाकी पुरत नाही, आणि मी पन्न्यांना आंघोळ घालतोय. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवरून विचारलंच, "काऊन भाऊ, पन्नीचा धंदा सुरू केला का जी?"

कबाडीवाला जूनमध्ये उगवला. दुधाच्या पिशव्या त्याने खुशीने घेतल्या. भाजीच्या त्या पातळ पन्नीला त्याने हातही लावला नाही. "याचे कोनी पैसे देत नाही साहेब." दोन महिने जपून ठेवलेलं गाठोडं अखेर कचऱ्याच्या गाडीत गेलं.

आता सांगतात, वस्तूंवरून लागण व्हायची शक्यता फार कमी. म्हणजे धुणं गेलं, पण पन्नी राहिलीच. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पण भाजीला नेसवलेल्या प्लास्टिकला पिशवी म्हणत नसावेत. "पन्नी न लावता पाठवा" असं सांगायची सोय मी ॲपवर खूप शोधली. मला नाही सापडली. तुमच्या ॲपवर असेल तर माझं अर्धं म्हणणं इथेच बाद.

टोपलीचं थोडक्यात सांगतो. कळमेश्वरकडचे एक शेतकरी दर शनिवारी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भाजी आणायचे, आधीच्या आठवड्याचा रिकामा क्रेट परत न्यायचे. पन्नी एकही नाही, दलाल नाही, भाजी आदल्या संध्याकाळी तोडलेली. हिरवाईच्या हिशेबाने पाहिलं तर हीच पहिली यावी. पण शेतात जे आहे तेच टोपलीत येतं. सलग तीन शनिवार वांगी, भेंडी आणि एकेक कोहळं. आम्ही माणसं चार. कोहळ्याची भाजी झाली, बोंडं झाली, शेजारी वाटून झालं. चौथ्या शनिवारी धाकट्याने क्रेट पाहूनच जेवायला नाही म्हटलं. शिवाय वीस घरं जमली नाहीत तर गाडी यायची नाही, आणि ती वीस घरं जमवायचं काम कुणाकडे होतं ते सांगायला नको. एकत्र कुटुंब असेल, आणि गटात माझ्यासारखा एखादा बिनपगारी कारकून सापडला असेल, तर टोपलीसारखं काही नाही.

राहिला ठेला. आमच्याकडे येते ती मावशी आठच्या सुमारास येते, पण हा सुमार साडेसात ते साडेनऊ असा कुठेही असतो. कोरोनात मास्क हनुवटीवर असायचा. मी म्हटलं की वर जायचा, पुढच्या घरी पुन्हा खाली. किलोमागे दहा-पंधरा रुपये जास्त पडतात, आणि तिच्या काट्याबद्दल आमच्या आईला कायम शंका आहे. पन्नी तर तिच्याकडेही आहे. काळी, फुंकर मारली तर उडेल अशी. 2018 ची बंदी त्या ठेल्यापर्यंत पोचलेली नाही.

फरक एवढाच की तिथे सांगायला समोर माणूस असतं. मी पहिल्या दिवशी धान्य पाखडायचं सूप पुढे धरलं आणि म्हटलं, "मावशी, पन्नी नको, यात टाका." ती हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नीकडे हात गेला, मी पुन्हा सूप पुढे केलं. चौथ्या दिवसापासून ती आमच्या फाटकाशी आली की स्वतःच ओरडते, "सूप आणा!" ॲपपुढे मी दोन महिने जे डोकं आपटत होतो, ते इथे तीन दिवसांत झालं. दहा रुपये जास्त जातात ते मी या खात्यात धरतो. तुम्हाला ते महाग वाटू शकतं, मी वाद घालणार नाही.

आणि मग बाकीच्या गोष्टी आपोआप दिसायला लागल्या. मिरची अर्धा पाव मिळते, लिंबं दोनच घेता येतात, म्हणून फ्रीजमध्ये काही सडत नाही. ॲपवर ब्रोकोली आहे, झुकिनी आहे, चिवळ नाही. ऐन उन्हाळ्यात नागपूरकराला चिवळ मिळू नये? मावशीच्या ठेल्यावर ती मार्चपासून दिसते. माती फार, चार पाण्यांतून धुवावी लागते, पण मुगाच्या डाळीत घातली की आई दोन घास जास्त जेवते.

एक मात्र कबूल करायला हवं. ठेला म्हणजे सगळं गावरान, असा भ्रम मला बरेच दिवस होता. मावशीला विचारलं तेव्हा कळलं, पत्ताकोबी छिंदवाड्याची, कांदा नाशिककडचा. म्हणजे मध्य प्रदेशातली कोबी सव्वाशे किलोमीटरवरून येते आणि आपल्याच राज्यातला कांदा सहाशेच्या वर. स्थानिक कशाला म्हणायचं हे नकाशाची सीमारेषा पाहून ठरवू नये, एवढं मला उमगलं. ॲपवरचा माल कुठून येतो ते मात्र विचारायला कुणी नाही. कदाचित छिंदवाड्याचाच असेल.

सप्टेंबरातल्या त्या 17 दिवसांबद्दल अजून एक राहिलं. अकराव्या-बाराव्या दिवशी फाटकाला ॲपच्या पिशवीशेजारी आणखी एक पिशवी दिसली, जुन्या साडीची शिवलेली. आत पालक, आलं आणि चार लिंबं. मावशी फाटकापासून लांब उभी राहून ओरडली होती म्हणे, आम्हाला पंख्याच्या आवाजात ऐकूच आलं नाही. महिनाभराने मी पैसे विचारले. तिला पालकाचा त्या दिवसाचा भावसुद्धा पाठ होता, आणि तो मला थोडा चढाच वाटला. दिले.

तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना माझं म्हणणं असं: घरात कुणी आजारी पडलं तर ॲप फोनमध्ये राहू द्या, मीही काढलेलं नाही. रोजच्या भाजीला मी ठेल्यावर जातो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर दोरीला टोपली बांधा, समोरच्या इमारतीतल्या आजी तशीच घेतात, आणि सुटे पैसे त्यातच ठेवा. तेव्हा मास्क वर करायलाही रोज सांगावं लागायचं. रविवारी मावशी येत नाही, म्हणून शनिवारी सांभार जास्तीचा घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा.