डायनामो गेला म्हणून १३ हजार घेतले, बिघाड होता अर्थिंगच्या पट्टीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली जी माणसं दवाखान्याला नाहीतर लग्नकार्याला गाडी घेऊन कोल्हापूरला ये-जा करतात त्यांनी हे नक्की वाचा आणि घरात जो गाडी चालवतो त्याला पण वाचायला द्या.

झालं असं की आईला कोल्हापूरला डॉक्टरना दाखवून परत येत होतो, पावसाचे दिवस, अंधार पडलेला, वायपर चालू, हेडलाईट चालू, ब्लोअर चालू, आणि डॅशबोर्डवर बॅटरीची लाल लाईट अंधुक दिसायला लागली. लख्ख पेटलेली नाही, अंधुक. हे ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम आहे. हेडलाईटचा उजेड पण पिवळा पडायला लागला, म्हटलं पुढं घाटात गाडी बंद पडली तर आईला घेऊन कुठं उभं राहायचं, म्हणून कोगनोळी टोल यायच्या बरंच आधी हायवेच्या कडेला एक गॅरेज उघडं दिसलं तिथं थांबलो.

गॅरेजवाल्यानं केए २२ नंबर प्लेट बघितली आणि पहिलं वाक्य काय, तर "बेळगावचे काय? मग आपलीच माणसं की, तुमच्याकडनं जास्त घेणार नाही." सीमाभागातल्या माणसाला हे शब्द कुठं लागतात हे त्याला बरोबर माहीत होतं. पैशापेक्षा जास्त राग मला त्याचाच आहे.

मग त्यानं इंजिन चालू असतानाच बॅटरीचं टर्मिनल उपसून काढलं. गाडीनं दोन गचके दिले आणि बंद. "बघा, डायनामो चार्ज करत असता तर बॅटरीशिवाय पण गाडी चालली असती." ऐकणाऱ्याला पटतं ओ, डोळ्यासमोर गाडी बंद पडलेली असते. पण असली टेस्ट करायचीच नसते. डायनामोचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा, करंट बॅटरी सावरून धरत असते, ती एकदम काढली की व्होल्टेज उसळतं, त्यात डायनामोतले डायोड जाऊ शकतात, ईसीएम म्हणजे इंजिनचा कम्प्युटर जाऊ शकतो, आणि डायनामो ठणठणीत असला तरी आयडलिंगवर लोड असताना गाडी बंद पडू शकते. म्हणजे सिद्ध काहीच होत नाही, उलट नसलेला बिघाड तयार होतो. चालू इंजिनवर कुणी टर्मिनलला पाना लावला तर तिथंच अडवा. मीटर म्हणून वस्तू त्या गॅरेजमध्ये बाहेर आलीच नाही.

नवीन ओरिजनल डायनामो साडेआठ हजार, बॅटरीचा एक सेल डेड आहे म्हणून बॅटरी पण बदलायची, साडेचार हजार, जुनी एक्स्चेंजमध्ये. बॅटरी वर्षाच्या आतली होती, वॉरंटीतली. तसं म्हटलं तर "वॉरंटीचं तुम्ही बघा, पण आज रात्री ही तुम्हाला घरापर्यंत पोचवणार नाही." आईच्या गोळीची वेळ होऊन गेलेली. पैसे यूपीआयनं दिले. बिल मागितलं तर चिठ्ठीवर "इलेक्ट्रिक काम १३०००" एवढंच. जुना डायनामो मागितला तर म्हणाला नव्याची किंमत जुना धरूनच सांगितलीय.

घरी पोचलो, थोडे दिवस बरे गेले आणि परत तीच अंधुक लाईट. सकाळी सेल्फ पण जड उचलायला लागला. मग शहापुरातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडं नेली, त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी आधी काहीच खोललं नाही. गाडी चालू करून हेडलाईट आणि ब्लोअर लावायला सांगितला आणि बॅटरीवर मीटर धरला, १२.३ व्होल्ट. चालू गाडीत हे १३.८ ते १४.५ च्या आसपास पाहिजे. मग मला वाकून बघायला लावलं, लाल वायर डायनामोच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळी डायनामोच्याच अंगावर, तिथं १४.२. म्हणजे डायनामो करंट देतोय, बॅटरीपर्यंत पोचत नाही. मग एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या लोखंडावर, तिथं १.९ व्होल्ट. इथं ०.२ च्या आत पाहिजे. "तुमचा पहिला डायनामो पण चांगलाच असणार ओ, अर्थिंग खाल्लंय ह्याचं."

खाली गिअरबॉक्सला अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या मायनसची जी पट्टी येते ती काढून दाखवली. बोल्टाखाली सगळा हिरवा-पांढरा चूर, तांब्याच्या तारा बोटानं तुटायला लागल्या. लाईट अंधुक का पेटायची आणि सेल्फ जड का झाला, दोन्हीचं उत्तर त्या पट्टीत. नवीन पट्टी, जागा घासून साफ करून, ३५० रुपये मजुरीसकट. मीटर लगेच १४.१.

आणि तो "नवीन ओरिजनल" डायनामो? मामांनी टॉर्च मारला, अंगाला काळा स्प्रे मारलेला, स्क्रूच्या खाचा आधीच खरवडलेल्या आणि त्या खरवडलेल्यावरच रंग, कंपनीचं स्टिकर नाही. कुणाचातरी जुना, कार्बन-बेअरिंग घालून रंगवलेला. आमचा चांगला डायनामो आणि चांगली बॅटरी, दोन्ही तिथंच राहिली. आता ती कुणाच्या गाडीत बसणार कोण जाणे. बॅटरीवरची तारीख पण घासलेली, कार्डावर शिक्का नाही.

म्हणून सांगतो, चार-पाचशेचा डिजिटल मीटर गाडीत ठेवा. रात्रभर उभी असलेली गाडी १२.६ च्या जवळ दाखवते, १२.२ म्हणजे बॅटरी अर्ध्यावर. चालू गाडीत १५ च्या वर जात असेल तर कटआऊट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, बघायला लावा. एक मात्र आहे, आताच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग कम्प्युटर ठरवतो, मध्येच १२.८ दिसलं म्हणून डायनामो गेला असं होत नाही, हेडलाईट-ब्लोअर लावून परत बघायचं. बेल्ट सैल नाही ना, टर्मिनल हातानं हलत नाही ना, हे तर फुकटात बघता येतं. आकडा दाखवल्याशिवाय पार्ट खोलू द्यायचा नाही आणि खोललेला जुना पार्ट डिकीत टाकून घ्यायचा, एक्स्चेंजचे पैसे कमी मिळाले तरी चालतील.

तक्रारीचं पण सांगतो, कारण गॅरेजवाला फोनवर मला म्हणाला, "तुम्ही कर्नाटकातले, गॅरेज महाराष्ट्रात, केस कुठं घालणार?" २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, मराठीत बोलता येतं. मी यूपीआयचा पुरावा, ती चिठ्ठी, मामांच्या मीटरचे फोटो आणि वॉरंटी कार्डावरचा जुन्या बॅटरीचा नंबर लावून तक्रार केलीय. त्यानंतर त्याचा फोन आला, तक्रार मागं घ्या, अर्धे पैसे देतो म्हणून. मी सांगितलंय, डायनामो, बॅटरी आणि पूर्ण पैसे आधी, मागं घ्यायचं नंतर बघू.