बोल्टवरचा रंग शाबूत होता, आणि मी चेक लिहिला

2,18,300 रुपये गेले, ड्रायरचे रोलर सरळ करायच्या नावाखाली. जीएसटी धरून. घरी अजून अर्धाच आकडा सांगितलाय.

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे, बेंटोनाइट (एक प्रकारची माती) सुकवायचा रोटरी ड्रायर, म्हणजे रोलरांवर फिरणारा मोठा उतरता ड्रम. ड्रम खाली सरकून थ्रस्ट रोलरला, म्हणजे त्याला खालून अडवणाऱ्या रोलरला, सारखा घासत होता, मोटर 47 अँपिअर खेचत होती. 'लेझर अलाइनमेंट'वाला, म्हणजे लेझरने मोजून रोलर सरळ करणारा, ओळखीतून आला. ओळखीतला म्हटल्यावर चौकशी कोण करतो?

ड्रम बंद, थंडगार. त्याने यंत्र मांडलं, लाल ठिपका इकडेतिकडे फिरवला आणि आम्हाला चहाला पाठवलं. परत आलो तर ड्रम फिरतोय, आवाज गायब, मीटर 39 वर! सांगा, कोण फसणार नाही? आमचा जुना ऑपरेटर तेवढा पुटपुटला, "दादा, रोलर एवढा चमकतोय कशाने?" मी त्यालाच झापलं.

ग्रीस होतं ते. ड्रम पेलणाऱ्या रोलरच्या तोंडावर फासलेलं. घर्षण घटलं म्हणून अँपिअर उतरले, पण ड्रमला खाली ढकलणारा तो तिरपा रोलर तिरपाच राहिला. तिथे ग्राफाइटची वडी लावतात. ग्रीस रोलरच्या बारीक भेगांत दाबलं जातं आणि पत्रीसारखे टवके निघतात. अकराव्या दिवशी निघालेच.

पण खरी चीड वेगळीच. रोलर हलवायचा तर बेअरिंगचा ब्लॉक सरकवायचे बोल्ट फिरवावेच लागतात. दिवाळीत मारलेला हिरवा रंग त्या बोल्टांवर जसाच्या तसा होता, एक तडा नाही. मी त्यांच्या शेजारी उभा राहून चेक लिहिला! त्याच्या रिपोर्टात ड्रमला तीन सपोर्ट (टेकायच्या जागा) दाखवलेत, आमच्या ड्रमला दोनच आहेत. तोही नंतर वाचला.

पोलीस म्हणाले, "काम तो थयुं ने?" मग म्हणे, हे दिवाणी प्रकरण. ग्राहकांच्या कोर्टात विचारलं, तर धंद्यासाठी घेतलेली सेवा इथे चालत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर रद्द झालेला निघाला, त्या कार्यालयात तीन चकरा झाल्या. प्रत्येक वेळी "ऑनलाइन टाका". टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: तक्रार निकाली. कशी निकाली, देव जाणे. वर एका साहेबांनी मलाच विचारलं, "चेक दिलात म्हणजे समाधान झालं होतं ना?"

जीएसटी नंबर पोर्टलवर आधी बघा, दोन मिनिटं लागतात. शेवटचं माप ड्रम गरम आणि फिरता असताना घ्यायला लावा, चहाला जाऊ नका. निम्मे पैसे पंधरा दिवस अडवा. मी आता प्रत्येक बोल्टवरून ब्लॉकपर्यंत पांढरी रेघ मारून ठेवलीय, ती तुटली तरच काम झालं.

रोलर तासून घ्यायला 64,000 वेगळे गेले. ते घरी सांगितलेलेच नाहीत.